विधानाचे माहेर : महाजालावरील ज्ञानकोशांची परीक्षा

मराठी समीक्षेने कविता, कथा, कादंबरी आणि नाटक यांची पुष्कळ चिकित्सा केली. कोशवाङ्मयाची मात्र फारशी केली नाही. कोश म्हणजे गरजेपुरता उघडायचा आणि पुन्हा कपाटात ठेवायचा ग्रंथ, अशीच आपली समजूत राहिली. त्यात माहिती असते, म्हणून त्याला शैली नसते. अनेकांनी मिळून लिहिलेला असतो, म्हणून त्याला दृष्टी नसते, असे आपण गृहीत धरले. ही समजूत आम्हांला मान्य नाही. एखाद्या विषयाबद्दल काय सांगायचे, काय गाळायचे, कोणते आधी, कोणते नंतर आणि कोणाच्या शब्दावर विश्वास ठेवून सांगायचे, हे निर्णय कोशकाराला प्रत्येक ओळीत घ्यावे लागतात. निर्णय आले की दृष्टी आली, आणि दृष्टी आली की समीक्षेचे काम सुरू झाले.

आज या प्रश्नाला निकड आली आहे, कारण कोश कपाटातून बाहेर पडून महाजालावर गेला आहे. शाळकरी मुलगा, वार्ताहर, वक्ता आणि प्रवचनकार हे सर्व एकाच नोंदीतून एकच वाक्य उचलतात आणि ते वाक्य गावोगाव पसरते. तेव्हा महाजालावरील ज्ञानकोश हा एक स्वतंत्र वाङ्मयप्रकार मानून त्यातला चांगला कोणता, हीण कोणता, आणि ते ओळखावे कसे, हे विचारले पाहिजे. ही परीक्षा हवेत होऊ नये म्हणून आम्ही वऱ्हाडातील एक लहान गाव कसोटीला घेतो : कौंडण्यपूर. कोशाची खरी परीक्षा ‘पॅरिस’ किंवा ‘प्रकाश’ अशा नोंदींवर होत नाही. तिथे जगभरचे जाणकार हजर असतात. ती होते जिथे जाणकार थोडे, श्रद्धा मोठी आणि कागद विरळ, अशा ठिकाणी.

गाव एक, थर अनेक

कौंडण्यपूर हे अमरावती जिल्ह्याच्या तिवसा तालुक्यात वर्धा नदीच्या काठी वसलेले गाव. विदर्भाची प्राचीन राजधानी कुंडिनपूर ती हीच, अशी परंपरा आहे. महाभारतातील नलोपाख्यानात दमयंतीच्या पित्याचे नगर म्हणून कुंडिन येते; भागवताच्या दशम स्कंधात रुक्मिणीचे हरण येथूनच होते. मराठीत नरेंद्रापासून एकनाथांपर्यंत अनेकांनी रुक्मिणीस्वयंवर गायिले. वारकऱ्यांसाठी हे गाव म्हणजे रुक्मिणीमातेचे माहेर. येथून आषाढीला पंढरपूरकडे निघणाऱ्या पालखीची परंपरा १५९४ सालापासूनची सांगितली जाते. २०२१ साली महामारीमुळे शासनाने केवळ दहा मानाच्या पालख्यांना पंढरपुरी जाण्याची अनुमती दिली, त्या दहांत ही पालखी होती.

याच गावाचा आणखी एक थर जमिनीखाली आहे. पुरातत्त्वज्ञ डॉ. मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी १९६०च्या दशकात येथे उत्खनन केले आणि त्याचा वृत्तांत १९६८ साली प्रसिद्ध झाला. ख्रिस्तपूर्व काळापासून येथे वस्ती होती, हे त्यातून पुढे आले. म्हणजे एका गावाविषयी चार प्रकारची विधाने आपल्यापुढे येतात : पुराणातले, काव्यातले, वारीच्या स्मृतीतले आणि उत्खननातले. चारही आपापल्या जागी खरी आहेत. परंतु त्यांचा खरेपणा एका जातीचा नाही. मातीच्या खापराने रुक्मिणी सिद्ध होत नाही, आणि रुक्मिणीच्या कथेने खापराचे वय ठरत नाही. नोंद लिहिणाऱ्याने या चारांची सरमिसळ केली की त्याचे प्रत्येक वाक्य वाचनीय होते आणि नोंद मात्र निकामी होते.

एवढ्यावर अडचण संपत नाही. रुक्मिणीहरण अमरावतीच्या अंबादेवीच्या देवळातून झाले, अशी अमरावतीकरांची दृढ परंपरा आहे. दूर ईशान्येस, अरुणाचल प्रदेशातील इदू मिश्मी समाजात रुक्मिणी ही भीष्मकनगरची कन्या मानली जाते. तिकडे त्या नावाचे प्राचीन अवशेषही आहेत. गुजरातेत माधवपूरला कृष्ण-रुक्मिणीच्या विवाहाची जत्रा भरते आणि २०१८ पासून त्या जत्रेत ईशान्येकडील राज्ये सहभागी होऊ लागली. आता कौंडण्यपूरच्या नोंदीने काय करावे? ‘रुक्मिणीचे खरे माहेर हेच’ असे ठणकावून सांगावे, की ‘ही सारी दंतकथा’ म्हणून हात झटकावे? आमच्या मते दोन्ही मार्ग कोशाचे नव्हेत.

कोशाचे मराठी पूर्वज

हा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. कौंडण्यपूरच्याच जिल्ह्यात, मोर्शी तालुक्यातील ऋद्धिपुरास, तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा केल्या. ज्यांनी पाहिले-ऐकले त्यांच्याकडे जाऊन विचारणे आणि नागदेवाचार्यांकडून पडताळून घेणे, ही त्यांची रीत होती. पुढे मूळ प्रत नष्ट झाल्यावर शिष्यांनी स्मरणातून ग्रंथ पुन्हा उभा केला. तेव्हा कोणाच्या स्मरणात काय वेगळे आहे, हे त्या पोथ्यांनी पुसून टाकले नाही, ते त्या त्या व्यक्तीच्या नावाने नोंदवून ठेवले. याच परंपरेतील ‘स्थानपोथी’ तर स्थळांचा कोशच म्हणावी अशी आहे : चक्रधरांचे वास्तव्य जिथे जिथे घडले ती देवळे, मठ, त्यांच्या दिशा आणि दारे यांची ती नोंद आहे. या लेखकांचा हेतू भक्तीचा होता. पण साक्षीदाराचे नाव राखण्याची आणि पाठभेद जपण्याची त्यांची शिस्त कोणत्याही कोशकाराने शिकावी अशी आहे.

आधुनिक मराठी कोशाचे नाते तर थेट अमरावतीशी आहे. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांचा जन्म १८८४ साली रायपूरला झाला, पण शालेय शिक्षण अमरावतीला. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात पदवी घेऊन आल्यावर त्यांनी नागपुरास ज्ञानकोश मंडळाची स्थापना केली आणि पुढे पुण्यास काम नेऊन ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोश’ तडीस नेला. तेवीस भागांच्या या कोशाचे पहिले पाच भाग प्रस्तावनाखंडांचे आहेत. टीकाकारांना हे ओझे वाटू शकते. आम्हांला ते केतकरांचे प्रामाणिकपण वाटते. आपण जगाकडे कोठे उभे राहून पाहतो, हे त्यांनी अकारविल्हे नोंदी सुरू होण्यापूर्वीच सांगून टाकले. त्यांचे मत पटो वा न पटो, वाचकाला ते मत आहे हे कळते.

केतकरांनंतरचा मोठा प्रयत्न ‘मराठी विश्वकोशा’चा. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली वाई येथे हे काम उभे राहिले. पहिला खंड १९७६ साली निघाला, विसावा २०१५ मध्ये पूर्णत्वास गेला. विश्वकोशाची एक रीत आम्हांला फार मोलाची वाटते : नोंदीखाली लेखकाचे नाव असते आणि बहुधा संदर्भग्रंथही असतात. मत कोणाचे आणि आधार कोणता, या दोन प्रश्नांची उत्तरे त्याच पानावर मिळतात. परंतु छापील कोशाला एक दुःख जन्मतः जडलेले असते. पहिल्या आणि शेवटच्या खंडांत जवळजवळ चाळीस वर्षे गेली. ‘अ’ची नोंद लिहिणारा आणि ‘ह’ची नोंद लिहिणारा हे एकाच कोशाचे लेखक असले तरी एका काळाचे रहिवासी नाहीत. १९७६ सालच्या अकोला जिल्ह्यात वाशीम होते. १ जुलै १९९८ रोजी वाशीम हा स्वतंत्र जिल्हा झाला. छापील खंडाला याची वार्ता नाही आणि तो त्याचा दोष नव्हे.

महाजालाने काय बदलले?

२०११ साली विश्वकोश महाजालावर आला. यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठानाने केतकरांचा ज्ञानकोशही तेथे उपलब्ध करून दिला. दोन्ही उपक्रमांनी मराठी वाचकावर उपकार केले आहेत. जो ग्रंथ मोजक्या वाचनालयांत होता, तो तिवशाच्या विद्यार्थ्यालाही घरबसल्या मिळू लागला. परंतु ग्रंथ महाजालावर ठेवणे आणि महाजालावरचा कोश घडवणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

छापील खंड हाती घेतला की त्याचा पिवळा कागद, बांधणी आणि मुखपृष्ठावरील साल आपल्याला मूकपणे सावध करतात : हे जुने आहे, जपून वाच. महाजालावर हा इशारा नाहीसा होतो. शंभर वर्षांपूर्वीची नोंद आणि कालची नोंद सारख्याच शुभ्र पडद्यावर, सारख्याच अक्षरांत उभी राहते. केतकरांच्या काळात वऱ्हाड मध्यप्रांताशी जोडलेले होते. ती नोंद शोधयंत्रातून एकटी समोर आली तर नवशिक्या वाचकाला तो वर्तमानकाळ वाटू शकतो.

कॅथलिक वाचकांना याचे दुसरे उदाहरण जवळचे वाटेल. १९०७ ते १९१२ या काळात न्यूयॉर्कहून पंधरा खंडांचा ‘कॅथलिक एन्सायक्लोपीडिया’ निघाला. मोठ्या विद्वत्तेचा तो ग्रंथ १९९०च्या दशकात स्वयंसेवकांनी अक्षर अक्षर उतरवून ‘न्यू अ‍ॅडव्हेंट’ या संकेतस्थळावर ठेवला. इतिहास, संतचरित्रे आणि धर्मशास्त्र यांच्या अभ्यासकाला तो आजही उपयोगी आहे. मात्र तो दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या, म्हणजे १९६२-६५च्या, अर्धशतक आधीचा आहे. मिस्साविधी, सार्वधर्मीय संवाद किंवा प्रापंचिकांचे स्थान यांविषयी तो जे सांगतो त्यापुढे ख्रिस्तसभा कितीतरी वाट चालून आली. १९६७ साली ‘न्यू कॅथलिक एन्सायक्लोपीडिया’ निघाला. पण तो विकत घ्यावा लागतो आणि जुना फुकट मिळतो. परिणाम असा की जे फुकट तेच वाचले जाते, आणि जे वाचले जाते तेच प्रमाण होऊन बसते. स्वामित्वहक्काचा कायदा वाचकाच्या ज्ञानाचे वय ठरवतो, ही आपल्या काळाची विलक्षण गोष्ट आहे. म्हणून आमची पहिली कसोटी साधी आहे : महाजालावरील प्रत्येक नोंदीने आपले वय कपाळावर लिहिले पाहिजे.

दुसरा बदल दुव्यांचा. एका नोंदीतून दुसरीकडे नेण्याची युक्ती जुनी आहे. दिदेरो आणि दालांबेर यांच्या फ्रेंच विश्वकोशाने १७५१ पासून ती हुशारीने वापरली. महाजालाने ती सहज केली. कौंडण्यपूर, कौंडिण्यपूर, कुंडिनपूर ही नावे छापील कोशात तीन ठिकाणी विखुरली असती. महाजालावर ती तीनही एका दारी आणता येतात. हे किरकोळ वाटेल. पण ज्या भाषेत एकाच गावाचे नाव पाटीवर एक, सातबाऱ्यावर दुसरे आणि पोथीत तिसरे असते, त्या भाषेत ही मोठी सेवा आहे.

तिसरा बदल सर्वांत खोल. छापील कोश आपल्या चुका खोडून नवी आवृत्ती काढतो. महाजालावरील कोश आपल्या चुका जपून ठेवू शकतो.

उघड्या दाराचा कोश

ही शक्यता विकिपीडियाने प्रत्यक्षात आणली. त्याची कथा बोधप्रद आहे. २००० साली जिमी वेल्स आणि लॅरी सँगर यांनी ‘न्यूपीडिया’ सुरू केला. त्यात तज्ज्ञांनी लिहायचे आणि सात पायऱ्यांची तपासणी पार करायची. काम इतके संथ चालले की हाती फार थोडे लागले. वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ साली कोणालाही पान बदलता येईल अशी ‘विकी’ नावाची रचना केली होती. हवाई भाषेत या शब्दाचा अर्थ ‘झटपट’. तिचा आधार घेऊन १५ जानेवारी २००१ रोजी विकिपीडिया जन्मला. मराठी विकिपीडियाचा आरंभ १ मे २००३चा, महाराष्ट्रदिनाचा.

कोणीही लिहावे आणि कोणीही दुरुस्त करावे, हे ऐकून विद्वानांनी कपाळाला हात लावला. २००५ साली ‘नेचर’ या शास्त्रीय नियतकालिकाने विज्ञानविषयक बेचाळीस नोंदी तज्ज्ञांकडून तपासून घेतल्या. विकिपीडियात १६२ त्रुटी आढळल्या, ब्रिटानिकात १२३. ब्रिटानिकाने या तपासणीच्या पद्धतीवर कडक आक्षेप घेतला. या आकड्यांवरून विकिपीडियाचे स्तोत्र गाणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही आणि त्याची टर उडवणाऱ्यांशीही नाही. आम्हांला त्यातून वेगळीच गोष्ट दिसते : ब्रिटानिकातही १२३ होत्या. निर्दोष कोश कधी नव्हता. मग प्रश्न उरतो तो चूक सापडल्यावर काय होते हा.

त्याच वर्षी जॉन सीगेंथेलर या अमेरिकन पत्रकाराच्या चरित्रनोंदीत कोणी खोडसाळपणे केनेडींच्या हत्येशी त्यांचा संबंध जोडला, आणि तो मजकूर चार महिने तसाच राहिला. उघड्या दाराची ही किंमत आहे. पण हा मजकूर केव्हा घातला गेला, हे नोंदीच्या इतिहासात राहिले, आणि त्यातूनच पुढे तपास झाला. विकिपीडियाच्या प्रत्येक नोंदीमागे दोन पाने असतात : इतिहासाचे आणि चर्चेचे. पहिल्यावर प्रत्येक बदल तारखेनिशी दिसतो. दुसऱ्यावर वाद दिसतो. सामान्य वाचक ही पाने उघडत नाही. आमच्या दृष्टीने मात्र या वाङ्मयप्रकाराचे खरे वैशिष्ट्य तिथेच आहे. म्हाइंभटांच्या परंपरेने पाठभेद जपले, तेच काम येथे यंत्र करते.

मोकळे मथळे

तथापि यंत्र जपते ते माणसाने लिहिले तरच. मराठी विकिपीडियावर खेड्यांच्या असंख्य नोंदी आहेत. त्यांपैकी पुष्कळ एकाच साच्यातून काढलेल्या : अमुक गाव अमुक तालुक्यात आहे, मग हवामानाचे दोन-चार ओळींचे वर्णन, जे शेजारच्या गावालाही लागू पडते, मग लोकजीवन, प्रेक्षणीय स्थळे, नागरी सुविधा असे मथळे, आणि त्यांखाली काही नाही. ज्या स्वयंसेवकांनी हे साचे घातले त्यांचा हेतू चांगला होता, हे आम्ही जाणतो. चौकट उभी केली तर गावकरी येऊन ती भरतील, असे त्यांना वाटले. पण ज्या घरात कोणी राहायला आले नाही त्या घराची संख्या मोजून गाव वसत नाही. नोंदींच्या आकड्यावर भाषेची प्रतिष्ठा ठरू लागली की हा मोह होतोच. फिलिपिन्समधील सेबुआनो भाषेचा विकिपीडिया नोंदींच्या संख्येत जगातील अग्रभागी आहे. त्यातील बहुतेक नोंदी संगणकाच्या आज्ञावलीने लिहिलेल्या आहेत.

याहून गंभीर इशारा २०२० साली स्कॉट्स भाषेने दिला. त्या भाषेच्या विकिपीडियातील हजारो नोंदी अमेरिकेतील एका किशोराने लिहिल्याचे उघड झाले. त्याला ती भाषा येतच नव्हती. इंग्रजी शब्दांना स्कॉट्स वळण देऊन त्याने वर्षानुवर्षे काम केले आणि कोणी हटकले नाही, कारण हटकण्याइतके जाणकार तिथे नव्हते. थोडे राखणदार असलेल्या शेतात असे होते. मराठीचे भाषक कोट्यवधी आहेत. पण आपल्या गावाची नोंद वाचून ‘हे चूक आहे’ असे म्हणायला बसणारे किती, हा प्रश्न आम्ही वाचकांपुढे ठेवतो. इंग्रजीतून उचललेली, ‘च्या द्वारे’ आणि ‘केले गेले आहे’ यांनी लंगडणारी मराठी जर कोशात रुळली, तर उद्याची पिढी तिलाच प्रमाण मराठी मानेल.

निःपक्षपाताचा अर्थ

आता कौंडण्यपूरकडे परत येऊ. चांगल्या नोंदीने रुक्मिणीविषयी काय लिहावे? आमच्या मते असे : भागवतपुराणात रुक्मिणीचे पितृनगर कुंडिन आहे, हे नगर म्हणजेच आजचे कौंडण्यपूर, अशी विदर्भातील परंपरा आहे आणि वारकरी तिला मानतात, अमरावतीची परंपरा हरणाचे स्थळ अंबादेवीचे मंदिर सांगते, इदू मिश्मी समाज तिला भीष्मकनगरची मानतो, कौंडण्यपूरच्या उत्खननात प्राचीन वस्ती आढळली, तिचा वृत्तांत १९६८ साली प्रसिद्ध झाला. या वाक्यांत कोणाचीही श्रद्धा दुखावलेली नाही आणि कोणाचीही श्रद्धा इतिहास म्हणून विकलेली नाही. प्रत्येक विधान आपण कोठून आलो हे सांगते. रुक्मिणीचे माहेर कोणते यावर एकमत होणार नाही. पण प्रत्येक विधानाचे माहेर सांगता येते. कोशाचे काम तेवढेच, आणि तेवढे सोपे नाही.

कित्येकांना हा निःपक्षपात भेकड वाटतो. विद्वानाने निर्णय द्यावा, सर्वांची मते मांडून बाजूला होऊ नये, असे ते म्हणतात. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. सर्व मते सारख्या वजनाची नसतात, आणि पुरावा असलेल्या विधानाशेजारी निव्वळ अफवेला पाट मांडून देणे हा निःपक्षपात नव्हे. केतकरांनी आपली भूमिका उघड केली, म्हणून त्यांचा कोश आजही वाचनीय आहे. परंतु केतकरांच्या कोशावर केतकरांचे नाव होते. उघड्या कोशात अनेक हात असतात. तिथे निर्णय देणारा कोण हे कळत नसेल, तर निर्णयापेक्षा आधार दाखवणे अधिक प्रामाणिक. विकिपीडियावर आधार नसलेल्या विधानापुढे ‘संदर्भ हवा’ अशी खूण करतात. ती खूण पाहून कोश कच्चा आहे असे लोक म्हणतात. आम्हांला ती खूण कोशाच्या सभ्यतेची वाटते. आपल्याला ठाऊक नाही तेथे तसे सांगणारे ग्रंथ मराठीत फार नाहीत.

कागद नसलेले ज्ञान

तरीही एक अन्याय उरतो, आणि तो आम्हांला विशेष खुपतो. विकिपीडियाच्या नियमाप्रमाणे विधानाला प्रसिद्ध झालेला, विश्वसनीय आधार लागतो. पालखीबरोबर पिढ्यान्‌पिढ्या चालणाऱ्या घराण्याला मुक्कामाची गावे तोंडपाठ असतात. वर्धेच्या पात्रातले डोह, उतार आणि पुराच्या खुणा तिथल्या भोई-नावाड्यांना ठाऊक असतात. यांपैकी फारच थोडे छापून आलेले असते. कागद ज्याच्याकडे, त्याचे ज्ञान कोशात. कागद नसलेल्याचे ज्ञान कोशाबाहेर. वसई-उत्तनच्या आपल्या ख्रिस्ती समाजांनाही याची जाणीव असावी. सामवेदी वा वाडवळी बोलीतील लग्नगीते, शेती-मासेमारीचे शब्द हे ज्या प्रमाणात कोणी लिहून छापले, त्याच प्रमाणात ते कोशाला दिसतात.

२०११ साली भारत आणि दक्षिण आफ्रिका येथे मौखिक साक्षींचे ध्वनिमुद्रण करून तीच विकिपीडियाला संदर्भ म्हणून जोडण्याचा प्रयोग झाला. त्यावर वादही झाला : बोलणाऱ्याची परीक्षा कोण करणार? शंका रास्त आहे. परंतु तिचे उत्तर ऋद्धिपुरास सातशे वर्षांपूर्वी मिळाले होते. बोलणाऱ्याचे नाव लिहा, दुसऱ्याला विचारा, आणि दोघांत भेद असेल तर तो भेदही लिहा. हे काम कोशाच्या आधी करावे लागते आणि ते स्थानिक नियतकालिकांचे, महाविद्यालयांचे, आपल्यासारख्या त्रैमासिकांचे आहे. कौंडण्यपूरच्या पालखीचा मार्ग, मुक्काम आणि मानकरी यांविषयी कोणी नीट तपासून एक लेख छापला, तर त्या दिवसापासून ते ज्ञान कोशात येण्यास पात्र होते. स्थानिक छपाई आटली की जागतिक कोशही आटतो, हे नाते फार कमी लोकांच्या ध्यानात येते.

दोन वाटा

विश्वकोशाने नव्या काळासाठी निराळी वाट धरली आहे. विषयवार ज्ञानमंडळे स्थापून, विद्यापीठे व संस्था यांच्या तज्ज्ञांकडून नोंदी नव्याने लिहून घेणे आणि जुन्यांची भर घालणे, अशी ती योजना आहे. तज्ज्ञाची जबाबदारी टिकते, नोंद ताजी राहते. विकिपीडियाच्या वाटेत वेग आहे, व्याप आहे, गावातल्या माणसाला दार उघडे आहे. पण साच्यांची आणि उसन्या मराठीची भीती आहे. विश्वकोशाच्या वाटेत भाषा सुघड आहे, लेखकाची सही आहे. पण दारावर पाटी आहे, आणि कौंडण्यपूरच्या शिक्षकाला आत बोलावणे येईलच असे नाही.

आम्ही यांपैकी एकीची निवड करू इच्छित नाही. दोन्ही वाटांवरील नोंदींना आम्ही तेच चार प्रश्न विचारू : तू कधी लिहिलीस? हे तुला कोणी सांगितले? याविषयी दुसरे कोणी वेगळे सांगते का? आणि तू चुकलीस तर दुरुस्त करायला कोणाकडे जावे? या चारांची उत्तरे देणारी दहा ओळींची नोंद आम्ही उत्तम मानू. न देणारी दहा पानांची नोंद हीण.

ही कसोटी आज अधिक कठोरपणे लावली पाहिजे, याला कारण आहे. गेल्या काही वर्षांत प्रश्नाला थेट उत्तर देणारी संभाषणयंत्रे आली आहेत. त्यांनी ज्या मजकुरावर शिक्षण घेतले त्यात विकिपीडियाचा वाटा मोठा आहे. ही यंत्रे उत्तर गोड भाषेत देतात. पण ते उत्तर कोणत्या नोंदीतून आले आणि त्या नोंदीला आधार काय, हे पुष्कळदा दाखवत नाहीत. म्हणजे कोशाने शतकानुशतके कष्टाने मिळवलेली गोष्ट, विधानाला त्याच्या उगमाशी बांधणारा धागा, वाटेतच तुटतो. कौंडण्यपूरची मराठी नोंद मोकळ्या मथळ्यांची असेल, तर यंत्र इतर कोठून, इतर भाषेतून, इतरांच्या दृष्टीतून उत्तर बांधील. आणि वर्धाकाठचा मुलगा आपल्याच गावाविषयी परक्याने सांगितलेले ऐकेल.

हे टाळण्याचे सामर्थ्य मोठ्या संस्थांपेक्षा लहान माणसांकडे अधिक आहे. तिवशाच्या शाळेतील एक शिक्षक, उत्खननाचा तो १९६८चा वृत्तांत, पालखीतील दोन वृद्ध, आणि संध्याकाळचे काही तास एवढे भांडवल एका चांगल्या नोंदीला पुरे आहे. केतकरांनी हे काम एका भागधारक मंडळीच्या बळावर केले, तर्कतीर्थांनी शासनाच्या. आज ते गावाच्या बळावर करता येते. दार उघडे आहे. आत जाणाऱ्याने फक्त आपल्याबरोबर प्रत्येक विधानाचे नाव-गाव आणावे.